सुलट आणि उलट

जगांतल्या पुष्कळशा वस्तूंना दिशेचें कांहींच वाटत नाहीं. तांब्याची तार घ्या. तिचें एक टोंक विजेच्या घटाच्या धन अग्राला व दुसरें ऋण अग्राला जोडा. तींतून प्रवाह वाहूं लागेल. आतां टोंकांची अदलाबदल करा. तेवढाच प्रवाह उलट दिशेनें वाहूं लागेल. दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट, निम्मा केला तर निम्मा. ओहमनें १८२७ मध्यें सांगितलेला हा नियम आपण सर्वांनीं शाळेंत घोकलेला आहे, आणि 'इकडून कीं तिकडून?' असा प्रश्न त्यांत कोठेंच येत नाहीं. तांब्याच्या तारेची वृत्ति धर्मशाळेच्या रखवालदारासारखी असते. येणारा आणि जाणारा तिला सारखाच.

जुन्या काळची दोन सेलांची विजेरी याच स्वभावाची होती. घाईगर्दींत दोन्ही सेल उलटे घातले गेले तरी ती कुरकुर करीत नसे. तिच्या दिव्यांतली बारीक तार तापली म्हणजे झालें. प्रवाह कोणत्या बाजूनें आला याची चौकशी ती करीत नसे. हल्लीं बाजारांत मिळणारी विजेरी तशी नाहीं. तिच्यांत सेल उलटे घातले तर ती पेटत नाहीं. मंदसुद्धां पेटत नाहीं. घरांतला मुलगा ती हलवून पाहतो, तळहातावर आपटून पाहतो, आणि शेवटीं 'बिघडली' असा निकाल देऊन मोकळा होतो. वास्तविक बिघडलेलें कांहींच नसतें. सेल तेच, त्यांतला दाब तोच, दिवा तोच. चुकलेली असते ती फक्त दिशा. एवढ्याशा कारणानें उजेड आणि अंधार असा फरक पडावा, ही गोष्ट तीस वर्षें वर्गांत शिकवूनही मला अजून नवलाची वाटते.

या नव्या विजेरीच्या दिव्यांत तापणारी तार नसते. तेथें अर्धवाहकाचा एक बारीकसा तुकडा असतो, आणि तो डायोड नांवाच्या कुळांतला असतो. हें कूळ आपल्या संसारांत किती खोल शिरलें आहे याची सहसा कोणाला कल्पना नसते. मोबाइलच्या चार्जरांत डायोड आहे, स्कूटरच्या पोटांत आहे, दूरचित्रवाणींत आहे, गच्चीवरच्या सोलर पॅनेलच्या मागें आहे. आमच्या प्रयोगशाळेंत सर्वांत अधिक खपणारा डायोड तुरीच्या दाण्याएवढा, काळा आणि लांबट असतो. त्याच्या एका टोंकाशीं रुपेरी पट्टा असतो. त्या पट्ट्याच्या दिशेनें प्रवाह जाऊं लागला तर एक अँपिअरपर्यंत तो खुशाल जाऊं देतो. पट्ट्याच्या बाजूनें येऊं लागला, तर हजार व्होल्टपर्यंत दाब देऊन पाहा. एका अँपिअरचा लक्षांशही तो पलीकडे पोंचूं देणार नाहीं. माणसांत असा कोणी भेटला तर आपण त्याला दुराग्रही म्हणतों. दगडांत भेटला तेव्हां शास्त्रज्ञही बुचकळ्यांत पडले.

प्रथम तो भेटला एका शाळामास्तराला, आणि आमच्या पेशाच्या माणसाला याचा थोडा अभिमान वाटला तर वाचकांनीं क्षमा करावी. १८७४ मध्यें फर्डिनांड ब्राउन हे लाइपझिग येथील सेंट टॉमस शाळेंत शिकवीत असत. वय अवघें चोवीस वर्षांचें. गंधक आणि धातु यांच्या संयोगानें झालेल्या खनिजांचे स्फटिक घेऊन ते त्यांतून वीज सोडून पाहत होते. त्यांना असें आढळलें कीं, तोच दाब देऊनही एका दिशेला जेवढा प्रवाह जातो तेवढा दुसऱ्या दिशेला जात नाहीं. ओहमच्या नियमाविरुद्ध ही उघड बंडखोरी होती. तिचें कारण ब्राउन यांना सांगतां आलें नाहीं. परंतु जें दिसलें तें त्यांनीं प्रामाणिकपणें लिहून ठेवलें. पुढें १९०९ मध्यें मार्कोनीबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें, तें बिनतारी संदेशाच्या कामाबद्दल. आपल्याकडे जगदीशचंद्र बसूंनीं याच जातीचें शिशाचें खनिज, गॅलीना, बिनतारी लहरी ओळखण्याकरितां वापरलें. १९०१ मध्यें अमेरिकेंत पेटंटासाठीं अर्ज केला आणि १९०४ मध्यें तें त्यांना मिळालें. दगडाचा गुण कामाला लागला, पण गुणाचें कारण अजून दगडांतच दडून राहिलेलें होतें.

त्याचा माग लागला तो एका तडा गेलेल्या तुकड्यावरून. १९४० च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतल्या बेल प्रयोगशाळेंत रसेल ओल हे सिलिकॉनचा एक तुकडा तपाशीत होते. त्याच्यावर उजेड पडला कीं त्यांत विजेचा दाब उत्पन्न होई. शोध घेतां असें दिसून आलें कीं, वितळलेलें सिलिकॉन थंड होतांना त्यांतलीं अशुद्ध द्रव्यें निरनिराळ्या अंगांना सरलीं होतीं. एका अंगाला एका प्रकारचें सिलिकॉन, दुसऱ्या अंगाला दुसऱ्या प्रकारचें, आणि मधोमध एक अदृश्य सीमा. सगळी करामत त्या सीमेची होती.

हे दोन प्रकार कोणते, तें थोडक्यांत सांगतों. सिलिकॉनच्या अणूला चार हात असतात, असें मी मुलांना सांगत असतों. प्रत्येक हातानें तो एकेका शेजाऱ्याचा हात धरतो; सगळेच हात गुंतल्यामुळें शुद्ध सिलिकॉनमधून वीज फारशी वाहत नाहीं. आतां लाखो अणूंत एखादा फॉस्फरसचा अणु मिसळला असें समजा. त्याला पांच हात. चार गुंततात, पांचवा मोकळा राहतो, आणि त्या हाताचा इलेक्ट्रॉन सैल होऊन स्फटिकभर हिंडूं लागतो. याच्या उलट बोरॉनचा अणु मिसळला, तर त्याला तीनच हात. एक जागा रिकामी राहते. शेजारचा इलेक्ट्रॉन त्या जागेंत सरकला कीं त्याची जागा रिकामी होते, आणि अशा रीतीनें जणूं रिकामी जागाच हिंडूं लागते. पहिल्या प्रकारच्या सिलिकॉनला 'एन' म्हणतात, दुसऱ्याला 'पी'. एका वस्तींत हिंडणारे फार, दुसरींत रिकाम्या जागा फार. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. या दोन्ही वस्त्या आपापल्या ठिकाणीं समतोल असतात. धन आणि ऋण भार दोहोंतही सारखेच. तंटा सुरू होतो तो दोघी एकमेकींना चिकटल्यावर.

चिकटल्याबरोबर पहिल्या क्षणीं मध्यें भिंत नसते. दार सताड उघडें असतें. एनमधल्या दाटींतले इलेक्ट्रॉन पलीकडे पीमध्यें पसरूं लागतात, आणि तिकडच्या रिकाम्या जागा इकडे. परंतु पलीकडे गेलेला इलेक्ट्रॉन सीमेजवळच्या रिकाम्या जागेंत बसला, कीं तेथें ऋण भार उघडा पडतो, आणि तो मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना परत ढकलूं लागतो. शिवाय ज्या फॉस्फरसच्या अणूला सोडून तो निघाला, त्या ठिकाणीं धन भार उघडा पडतो, आणि तो त्याच इलेक्ट्रॉनांना परत ओढूं लागतो. पुढें गेलेले ढकलताहेत आणि मागें राहिलेलें घर ओढीत आहे, अशा दुहेरी जोरामुळें जाणारे आणि येणारे लौकरच बरोबरीचे होतात. हीच ती भिंत. ती बाहेरून कोणीं आणून उभी केलेली नसते. पलीकडे गेलेल्यांनींच ती बांधलेली असते.

या भिंतीची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास, आणि उंची सिलिकॉनमध्यें सुमारें ०.७ व्होल्ट. ऐकतांना ही उंची क्षुल्लक वाटते. विजेरींतल्या साध्या सेलचा दाब १.५ व्होल्ट असतो. म्हणजे आपली ही भिंत अर्ध्या सेलाच्याही तोडीची नाहीं. पण ती इतक्या अरुंद जागेंत उभी असते कीं, तिच्यांतला चढ सेंटिमीटरला हजारों व्होल्ट या मानाचा होतो. उंची थोडी, पण कडा ताठ.

पाठ्यपुस्तकांत या ठिकाणीं एका टेकडीची आकृति काढलेली असते. माझ्या डोळ्यांपुढें मात्र टेकडी येत नाहीं. येतो तो पुणें-लोणावळें लोकलचा डबा. मी राहतों पिंपळे गुरवला. गुरव म्हणजे देवळाची पूजाअर्चा पाहणारा, पहाटे दार उघडणारा आणि रात्रीं तें लावणारा. तेव्हां दारांविषयीं चार शब्द लिहावयास हें गांव वाईट नाहीं. पवनेच्या एका कांठाला आमचें पिंपळे गुरव, आणि पूल ओलांडला कीं पलीकडे दापोडी आणि कासारवाडी हीं रेल्वेचीं स्टेशनें. तेथें सकाळच्या लोकलमध्यें चढूं पाहणाऱ्या माणसाची भाषा ठराविक असते. "अहो, जरा सरका, आंत पुष्कळ जागा आहे." तोच माणूस कसाबसा दोन पावलें आंत गेला, कीं पुढच्या स्टेशनावर त्याची भाषा बदलते. "कुठं येताय? मागचा डबा मोकळा आहे." मध्यंतरीं चार-पांच मिनिटें गेलेलीं असतात. माणूस तोच, डबा तोच. तेवढ्या वेळांत तो दुष्ट झालेला नसतो. तो फक्त सीमेच्या पलीकडे पोंचलेला असतो. आणि गंमत ही, कीं उतरणाराला हींच माणसें अंग चोरून वाट करून देतात.

थोडें विचारपूर्वक पाहिलें तर पिंपरी-चिंचवडचा सबंध मुलूख हा असा एक मोठा डबाच आहे. १९५४ मध्यें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि मग मोटारींचे, स्कुटरींचे आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे लहानमोठे कारखाने पिंपरी, आकुर्डी, भोसरी असे पसरत चाकणपर्यंत गेले. १९८२ मध्यें येथें महानगरपालिका झाली. २००१ च्या शिरगणतींत शहराची वस्ती दहा लाखांवर होती. २०११ मध्यें ती सतरा लाखांवर गेली. हीं माणसें आभाळांतून पडलीं नाहींत. तीं लातूर-धाराशिवकडून आलीं, जळगांव-धुळ्याकडून आलीं, सोलापूर-विदर्भांतून आलीं, आणि अलीकडे बिहार-उत्तर प्रदेशांतूनही आलीं. प्रत्येकानें मागें कांहीं तरी उघडें टाकलें आहे. कोणाची कोरडवाहू जमीन पडीक आहे, कोणाचे म्हातारे आईबाप दोन खोल्यांच्या घरांत दिवे लावून बसले आहेत. सणावाराला, जत्रेला, दुखण्याखुपण्याला तें घर ओढूं लागतें. पुढून ढकलणें आणि मागून ओढणें या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वांट्याला येतात, हें त्या सिलिकॉनच्या तुकड्यानें मला जितकें स्पष्ट दाखविलें तितकें दुसऱ्या कशानें दाखविलें नाहीं.

पण नुसत्या भिंतीनें डायोड होत नाहीं. त्याचें मर्म कळतें तें बाहेरून दाब दिल्यावर. घटाचें धन अग्र पीला आणि ऋण अग्र एनला जोडलें, म्हणजे तो दाब सुलट झाला. तो इलेक्ट्रॉनांना मागून आधार देतो आणि भिंत तेवढ्यानें ठेंगणी होते. ती ठेंगणी होऊं लागली म्हणजे प्रवाह ओहमच्या चालीनें, पावलापावलानें, वाढत नाहीं. दाब व्होल्टाच्या अवघ्या साठ सहस्रांशांनीं वाढविला कीं प्रवाह सुमारें दसपट होतो. आणखी तेवढाच वाढविला कीं शंभरपट. अर्ध्या व्होल्टपर्यंत जेथें फारसें कांहीं घडत नाहीं असें वाटतें, तेथें पाऊण व्होल्टाच्या आंतच लोंढा लागतो.

आतां अग्रांची अदलाबदल करा. दाब तेवढाच, पण उलट. त्यानें काय होतें? तो दोन्हीकडच्या हिंडणाऱ्यांना सीमेपासून दूर खेंचतो. ते दूर गेले कीं त्यांनीं झांकून ठेवलेले आणखी भार उघडे पडतात, आणि भिंत पहिल्यापेक्षां उंच होते आणि रुंदही होते. म्हणजे उलट बाजूनें लावलेला जोर नुसता फुकट जात नाहीं. तो भिंतीच्याच कामीं येतो. तुम्ही जितके नेटानें रेटाल तितकी ती जाड. थोडीशी गळती होते ती निराळ्याच लोकांची. उष्णतेमुळें पीमध्येंही थोडेसे इलेक्ट्रॉन सुटे होतात; ते भिंतीपाशीं आले तर त्यांना तिकडून ती चढण नसून उतरणच असते. त्यांची संख्याच थोडी. म्हणून दाब कितीही वाढविला तरी ही गळती फारशी वाढत नाहीं. शेवटीं फारच दाब झाला तर भिंत एकाएकीं कोसळते आणि उलट दिशेनें धो धो प्रवाह सुटतो. त्या प्रवाहाला बाहेरून आवर घातलेला नसेल तर त्या उष्णतेनें डायोड जळून जातो.

असल्या हट्टी वस्तूचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग तिच्या हट्टांतच आहे. आपल्या घरीं येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळां पुढें जाते आणि पन्नास वेळां मागें येते. असल्या झोंक्यावर बॅटरी भरत नाहीं. पुढें दिलेलें मागें काढून घेतलें तर भरणार काय? चार डायोड चौकोनांत योग्य रीतीनें जोडले, कीं वीज कोणत्याही बाजूनें येवो, पलीकडे ती एकाच दिशेनें बाहेर पडते. गच्चीवरच्या सोलर पॅनेलची बॅटरीही रात्रीं अशाच एखाद्या डायोडच्या जिवावर भरलेली राहते; तो नसेल तर दिवसा पॅनेलनें दिलेली वीज अंधार पडल्यावर पॅनेलच परत पिऊं लागेल. आमच्या लोकलचें उदाहरण तर फारच बोलकें आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईच्या बोरीबंदरापासून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धांवली, ती १,५०० व्होल्टच्या एकेरी प्रवाहावर. पुढें तोच प्रवाह घाट चढून पुण्यापर्यंत आला, आणि १९३० च्या जूनमध्यें डेक्कन क्वीन सुरू झाली. त्या काळीं येणारी उलटसुलट वीज मार्गावरच्या उपकेंद्रांत एकेरी करून मग तारेंत सोडीत. आतां या मार्गावरच्या तारेंत पंचवीस हजार व्होल्टची उलटसुलट वीज असते, आणि तिला एका दिशेला लावण्याचें काम गाडीच्या पोटांतले अर्धवाहक करतात. दापोडीच्या फलाटावर एकमेकांना अडवणारीं आणि वाट देणारीं माणसें ज्या गाडीसाठीं धडपडतात, ती गाडीच मुळीं अशा अडवण्यावर आणि वाट देण्यावर चालते.

सुलट आणि उलट दाबाचा आणखी एक प्रयोग गेल्या वर्षीं माझ्या डोळ्यांदेखत झाला, आणि तो प्रयोगशाळेंत नव्हे, तर आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेंत. कारखान्यांत काम करणाऱ्या एकट्या मुलांना यापुढें फ्लॅट भाड्यानें देऊं नयेत, असा ठराव आला होता. ठराव मांडणारे गृहस्थ लातूरकडचे. तीस वर्षांपूर्वीं ते स्वतः एकटेच येथें आले होते आणि कासारवाडींत एका खोलींत आठजण राहत असत. खाटा चार, त्यामुळें ज्याची रात्रपाळी त्याची खाट दुसऱ्याला, असा हिशेब. आतां ते निवृत्त झाले आहेत. त्यांचें म्हणणें अगदींच निराधार होतें असें नव्हे. टँकरनें पाणी आणावें लागतें. एकेका फ्लॅटांत सहा सहा मुलें राहिलीं तर तें पुरावें कसें? रात्रीं दोन वाजतां दुसऱ्या पाळीहून येणाऱ्या मोटरसायकली खालीं फडफडतात; म्हाताऱ्यामाणसांना झोंप कशी लागावी?

त्यांच्या विरुद्ध एक तरुण वकील बोलावयास उभे राहिले. त्यांचें प्रत्येक वाक्य बरोबर होतें. घटनेनें देशांत कोठेंही राहण्याचा हक्क दिला आहे; आपण सगळेच कधीं ना कधीं बाहेरून आलों आहोंत; शिकल्यासवरल्या लोकांना हें शोभत नाहीं. मी समोरच्या चेहऱ्यांकडे पाहत होतों. 'शोभत नाहीं' हा शब्द निघाला मात्र, आणि लातूरकडच्या गृहस्थांनीं हाताची घडी घातली. वकील जसजसे रंगांत आले तसतसे त्यांच्या आसपासचे, आतांपर्यंत कुंपणावर बसलेले, दोघे-तिघे सरकत सरकत त्यांच्या बाजूचे झाले. दाब पुष्कळ होता, आणि त्याच्या प्रत्येक अंशानें भिंत रुंदावत होती.

इतक्यांत पहिल्या मजल्यावरच्या आजी बोलल्या. त्या सभेला येतात, पण सहसा बोलत नाहींत. त्यांनीं उभेंही न राहतां त्या गृहस्थांना विचारलें, "का हो भाऊ, तुम्ही त्या कासारवाडीच्या खोलीत होता, तेव्हा दुसऱ्या पाळीहून आल्यावर जेवायला कुठं जात होता?"

गृहस्थ क्षणभर थांबले. मग म्हणाले, "दापोडीत एक मावशी होत्या, आजी. खानावळ चालवायच्या. रात्री एकपर्यंत आमच्यासाठी चूल विझवत नव्हत्या." आणि मग ते पांच मिनिटें त्या मावशींविषयींच बोलत राहिले. पहिला पगार होईपर्यंत त्यांनीं महिनाभर पैसे मागितले नाहींत, हेंही त्यांनीं सांगितलें. त्यांना कोणीं कांहीं पटवून दिलें नाहीं. ज्या बाजूला ते उभे होते त्याच बाजूनें, मागून, कोणीं तरी हलकेंच हात लावला होता, इतकेंच. ठराव मागें घेतला गेला नाहीं, बदलला गेला. एका फ्लॅटांत चारांहून अधिक नकोत, भाडेकरूंची नोंद पोलीस ठाण्यांत झालेली असावी, रात्रीं दहानंतर गाड्या फाटकापासून हातानें ढकलीत आणाव्या, अशा अटी पडल्या आणि परवानगी मिळाली.

त्या अटींबद्दल वकीलमहाशय नंतर माझ्याजवळ हळहळले. मला त्यांची हळहळ समजली, पण पटली नाहीं. डायोडमधून प्रवाह सुलट जात असतो तेव्हांही सुमारें ०.७ व्होल्ट त्या सीमेवर खर्ची पडतोच, आणि तेवढी उष्णता होऊन डायोड किंचित् तापतो. ओलांडण्याची ती जकात आहे. ती वाचविण्याच्या हट्टानें ओलांडणेंच राहून गेलें, तर त्यांत कोणाचें हित?

उपमेची धांव कोठपर्यंत, हें पदार्थविज्ञान शिकविणाऱ्यानें विसरूं नये. सिलिकॉनमधल्या ज्या अणूंवर ते भार उघडे पडलेले असतात ते अणु जागचे हलूं शकत नाहींत. आणि पलीकडे गेलेल्या इलेक्ट्रॉनाला, आपण कधीं काळीं दाराबाहेर उभे होतों, ही आठवण नसते. माणसाला ती असते. कधीं कधीं ती इतकी तळाशीं जाऊन बसते कीं त्याची त्यालाच सांपडत नाहीं. पण नसते असें नाहीं. आपल्या भिंती आणि त्या तुकड्यांतल्या भिंती यांत मला दिसणारा फरक हा एवढाच, आणि तो लहान नाहीं.

दुसऱ्या मजल्यावर आतां चार मुलें राहावयास आलीं आहेत. चाकणच्या एका कारखान्यांत तीं कामाला आहेत, आणि रात्रीं गाड्या खरोखरच ढकलीत आणतात. आणखी दहा-पंधरा वर्षांनीं हींच मुलें कर्ज काढून फ्लॅट घेतील, सोसायटीचे सभासद होतील, आणि त्या वेळीं नव्यानें येणाऱ्यांविषयीं एखादा ठराव आणतील. त्यांत नवल वाटण्याजोगें कांहीं नाहीं. त्या सभेंत जेवणाची चौकशी करणारी कोणी आजी हजर असावी, एवढीच माझी इच्छा आहे.